टाके

मे महिन्यातली रात्र. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आमची गाडी लावायच्या जागेत, दोन लाकडी घोड्यांवर प्लायवूडचे पाच तुकडे तारेने एकमेकांना टाचून ठेवले होते. एक तळ, दोन बाजू, एक पुढची फळी, एक मागची. तारा सैल होत्या, त्यामुळे सगळं अंग सोडून पसरल्यासारखं दिसत होतं. मी पक्कड घेतली आणि मधल्या टाक्यापासून पीळ द्यायला सुरुवात केली. एक उजवीकडचा, एक डावीकडचा, मग पुढचा. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, चौथ्या टाक्याला प्लाय कुरकुरलं. मी श्वास धरून थांबले. तुटलं नव्हतं. आणखी अर्धा पीळ दिला तसा तळ हळूच वर उचलला गेला, दोन्ही बाजू आपण होऊन बाहेर कलल्या, आणि काठाची रेषा एका दमात पुढून मागपर्यंत वळली.

ती रेषा मी काढलेली नव्हती. मी कडा कापल्या होत्या आणि त्या शिवल्या होत्या, एवढंच.

वॉचमनकाका खुर्ची घेऊन जवळ येऊन बसले होते. ते म्हणाले, "झाली की ताई होडी!" मला पुढे काही बोलता आलं नाही.

माझं गाव जयगडच्या खाडीवर. शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथून थोडं आत. लहानपणी पैलतीरी मामाकडे जायचं म्हणजे तरीतून, माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीतून. तरीवरचे आबा सकाळी वल्ही मारत न्यायचे, पण दुपारी खारा वारा सुटला की वल्ही आत घ्यायचे आणि ठिगळांचं एक शीड चढवायचे. त्या वेळी जे व्हायचं ते मी चाळीस वर्षांत विसरलेली नाही. वल्ह्यांचा करकर आवाज थांबायचा, माणसंही नकळत गप्प व्हायची, आणि तळाखालून पाणी सरकत असल्याचा एक मऊ आवाज पायांना कळायचा. कानांना नंतर, पायांना आधी. पुढे तरीला इंजिन बसलं. आता तर जयगडहून तवसाळला फेरीबोट जाते, गाड्यांसकट. सोयीची आहे, मीही तिनेच जाते. पण तो आवाज पायांना परत हवा होता, आणि शिडाची होडी आमच्या खाडीत विकत मिळायची राहिली नव्हती. म्हणून बांधायची ठरवली.

लाकूडकाम मी आयुष्यात केलेलं नाही. ऑफिसात खुर्चीवर बसून आकड्यांचं काम करणारी बाई मी. धीर आला तो दोन होड्यांच्या गोष्टींमुळे. पहिली ऑप्टिमिस्ट. १९४७ साली अमेरिकेत, फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स नावाच्या होडीबांध्याला कुणी तरी सांगितलं की मुलांना घरच्या घरी बांधता येईल, पन्नास डॉलरच्या आत बसेल, अशी शिडाची होडी काढून दे. प्लायवूडचा पत्रा आठ बाय चारचा येतो, म्हणून होडी आठ फुटांच्या आत बसवायची. टोकदार नाळेला लांबी पुरेना, म्हणून नाक सपाट कापलं. त्या कापलेल्या नाकाची, पस्तीस किलोची होडी आज जगभर मुलं चालवायला शिकतात.

दुसरी मिरर. ही माझी लाडकी. १९६३ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये 'डेली मिरर' या वर्तमानपत्राने ती लोकांपुढे आणली. वर्तमानपत्राच्या नावाचा रंग लाल, म्हणून शिडंही लाल. किंमत त्रेसष्ट पौंड अकरा शिलिंग. रचना दोघांची: जॅक होल्ट हा होड्यांचा माणूस, आणि बॅरी बकनेल हा टीव्हीवर लोकांना घरदुरुस्ती शिकवणारा. होडी बांधायला आधी सांगाडा लागतो, तो बिनचूक उभा करणं हेच नवशिक्याला जमत नाही. मिररमध्ये सांगाडाच काढून टाकला. प्लायच्या कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने त्या शिवायच्या, आतून काचकापडाच्या पट्ट्या चिकटवायच्या. कामगार, मास्तर, कारकून अशा लोकांनी आपापल्या गॅरेजात, अंगणात, दिवाणखान्यात त्या बांधल्या. सत्तर हजारांच्या वर झाल्या. वर्तमानपत्र वाचणाऱ्या साध्या माणसाच्या हातात समुद्र देणारी वस्तू म्हणून मला तिच्याबद्दल फार आदर वाटतो.

माझी होडी ऑप्टिमिस्टच्या कुळातली, पण शिवलेली मिररसारखी.

सुरुवात वाईट झाली. मरीन प्लायवर 'आयएस ७१०' असा शिक्का असतो. त्याचा अर्थ, बहात्तर तास पाण्यात उकळलं तरी थर सुटता कामा नयेत. शिक्का बघून मी सहा मिलिमीटरचे तीन पत्रे घेतले. घरी आल्यावर मनात आलं, बघू या तरी. हातभर तुकड्यातून चार बोटं पट्टी कापली आणि जुन्या पातेल्यात उकळत ठेवली. बहात्तर तास कुठले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पट्टीचे थर पुस्तकाच्या पानांसारखे उघडले होते. दुकानदाराने शिक्क्याकडे बोट दाखवलं आणि हात वर केले. ते पत्रे मी माळ्यावरच्या फडताळाला वापरले. दुसऱ्या ठिकाणी पत्रा घ्यायच्या आधीच कोपरा मागून आणला आणि तीन दिवस उकळला. चौथ्या दिवशी तो बोटांनी वाकवून बघितला, दातांनी धरून बघितला. अभंग होता. ज्यावर आपण पाण्यात बसणार आहोत त्याची परीक्षा शिक्क्यावर सोडू नये, ती आपण घ्यावी.

सांधे चिकटवायच्या इपॉक्सीनेही मला शिकवलं. राळ आणि हार्डनर मापात मिसळले की त्यांच्यात स्वतःची उष्णता तयार होते. पसरट पत्र्यावर ओतलं तर ती निघून जाते. खोल पेल्यात ठेवलं तर कोंडते, मग मिश्रण आणखी भराभर आवळतं, आणखी तापतं. मेमधल्या एका दुपारी मी घाईत मोठा पेलाभर मिसळलं. सात-आठ मिनिटांत पेला हातात धरवेना, मग धूर यायला लागला आणि प्लास्टिक वितळून वाकलं. मी तो पेला बाहेर सिमेंटवर नेऊन ठेवला आणि लांब उभी राहिले. त्यानंतर सगळं काम पहाटे साडेपाचला, ताटलीत, थोडं थोडं. सांधे भरायला त्यात मैद्यासारखा चाळलेला लाकडाचा भुसा घालतात. किती घालायचा? चक्का आठवायचा. चमचा उलटा केला तर पडू नये, पण ओढला तर गुळगुळीत ओढला जावा. तो लगदा आतल्या कोपऱ्यात भरून चमच्याच्या पाठीने एकाच ओढीत फिरवला की तिथे बोटाएवढी गोलाई तयार होते. ही गोलाई घालणं सगळ्या कामात मला सर्वांत आवडलं. हात थांबला की तिथे खूण उठते, म्हणून एका श्वासात पुढून मागपर्यंत जायचं.

पण गोलाईच्या आधी एक गोष्ट घडली, ती सांगायला हवी. तारांचे पीळ घालून झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गावच्या मेस्त्रीकाकांना व्हिडिओ कॉल केला. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी खाडीतल्या मचव्यांपासून मोठ्या लाँचपर्यंत सगळं बांधलेलं आहे, आणि कागदावर एकही रेघ न मारता. आधी तळाचा कणा, म्हणजे पठाण ठेवायचा, त्याला नारळ फोडायचा, मग बरगड्या, मग फळ्या, फळ्यांच्या फटींत कापूस ठासायचा. मी फोन धरून होडीच्या मागे उभी राहिले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाय, नाळ डावीकडं बघत्ये."

मला तर सरळ दिसत होती. फोन ठेवून मी सुतळी घेतली, मागच्या डाव्या कोपऱ्यापासून पुढच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत ताणली, मग उलट बाजूने. दीड सेंटिमीटरचा फरक. साडेसहा इंचांच्या फोनवर, दोनशे-अडीचशे किलोमीटरवरून, त्यांनी दीड सेंटिमीटर पकडला होता. मी एका बाजूचे अकरा टाके सोडले, होडीच्या आत कर्णावर दोरी बांधून आवळली, टाके परत घातले. पुन्हा फोन केला. "आता हाय," एवढंच म्हणाले आणि जेवायला गेले.

हे असे डोळे मुंबईतही होते. इंग्लंडचे नाविक सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहैली' ही सागवानी नौका १९६० च्या दशकात मुंबईत बांधली गेली, आपल्याकडच्या सुतारांनी, लाकूड तासायचा वाकस आणि धनुकलीने फिरवून भोकं पाडायचा सामता अशी जुनी हत्यारं वापरून. बत्तीस फुटांची नौका. १४ जून १९६८ ला ती इंग्लंडहून निघाली आणि २२ एप्रिल १९६९ ला परतली: ३१२ दिवस, एकटा माणूस, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. असं करणारा जगातला तो पहिला. ही शर्यत होती. तीत नऊ जण निघाले होते, पूर्ण केली एकट्या सुहैलीने. नाविकाचं नाव साऱ्या जगाला माहीत आहे. त्या फळ्या ज्यांनी तासल्या, ज्यांनी एक डोळा मिटून तिची रेषा बघितली, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मेस्त्रीकाकांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "साग कुठला होता?"

पावसाळाभर होडी ताडपत्रीखाली उलटी पडून राहिली. दमट हवेत इपॉक्सीवर एक चिकट थर येतो, त्याच्यावर पुढचा हात धरत नाही, म्हणून काम बंद. गणपती झाले, दसरा झाला, मग शीड निघालं.

शीड मी निळ्या ताडपत्रीचं करायचं ठरवलं होतं. परदेशातून खास कापड मागवायची ऐपत आणि गरज दोन्ही नव्हती. मी जमिनीवर चौकोन आखला, कापला, कडा दुमडायच्या तयारीत होते. आई सोफ्यावर बसून गोधडीला धावदोरा घालत होती. तिने चष्म्यावरून बघितलं.

"हे असं सपाट शिवणार?"

"हो. शीडच आहे ना."

"मग ते पाटासारखं उभं राहील. वारा धरायला त्याला पोट नको? ब्लाउजला आपण काय करतो? टक्स घालतो."

माझ्या हातातला खडू खाली राहिला. कारण जे ती बोलत होती, ते मी दोन दिवस वाचून अर्धवट समजून घेत होते. शीड म्हणजे वाऱ्यासमोर धरलेला पडदा असता तर होडी फक्त वाऱ्याच्या पाठीवर गेली असती. वारा तिरका घेऊन जायचं तर शिडाला पक्ष्याच्या पंखासारखा फुगवटा हवा. त्या फुगवट्यावरून वारा वळतो आणि ओढ तयार होते. होडीखाली पाण्यात एक उभं पातं असतं, ते होडीला बाजूला घसरू देत नाही, म्हणून ती ओढ तिला पुढे नेते. आणि हा फुगवटा फार झाला तरी उपयोगाचा नाही. तो शिवणीतून देता येतो.

प्लायचंही तेच होतं. कागदाचा कोन करता येतो, वाटी करता येत नाही. प्लाय एका वेळी एकाच दिशेने वाकतं. त्याला होडीचं पोट द्यायचं तर कडा वळणदार कापायच्या आणि त्या सरळ नसलेल्या कडा एकमेकींना शिवायच्या. मग मधला भाग नाइलाजाने फुगतो. मे महिन्यात पार्किंगमध्ये जे बघून मला बोलता आलं नव्हतं, ते माझी आई पंचावन्न वर्षं रोज दुपारी शिलाई मशीनवर करत होती. गावातल्या किती बायकांचे ब्लाउज, किती पोरींचे फ्रॉक. शिवण मी तिच्याकडून कधी शिकले नाही. शाळेत गणित चांगलं होतं, म्हणून घरातही कुणी आग्रह धरला नाही. ते गणितच होतं, हे मला पन्नाशीत कळलं.

त्या दिवशी ती खाली बसली. गुडघे दुखतात, तरी बसली. काठीकडच्या खालच्या कोपऱ्यात तिने तीन टक्स आखले, वीतभर लांबीचे, तोंडाशी बोटभर आणि पुढे निमुळते होत शून्यावर. मागच्या कोपऱ्यात एक. मशीनच्या पायाखाली ताडपत्री चिकटून बसायची, सरकायची नाही. तिने अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि ती सरकली. अठरा नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा. कडांमध्ये दोरी घालून दुमड. मी समोर बसून कापड उचलून धरत होते. तीन दुपारी गेल्या. रिंगा मात्र ताडपत्रीवाल्याकडून मारून आणल्या. डोलकाठीला गावाहून सुरूचा वासा आला, तो सोलून त्याला तेल दिलं.

शिवलेल्या होड्या ही आपल्याकडची जुनी विद्या आहे, हे लक्षात आल्यावर मी वाचतच सुटले. खिळे नव्हते असं नाही, तरी काथ्याने फळ्या शिवायची पद्धत अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर होती. गोव्यात हल्ली तशा पद्धतीने एक जहाज बांधलं गेलं, 'कौंडिण्य'. नमुना घेतला अजिंठ्याच्या भिंतीवरच्या पाचव्या शतकातल्या जहाजाच्या चित्राचा. केरळच्या कारागिरांनी ते काथ्याने शिवलं, मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात आलं आणि डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतच्या वाटेला लागलं. त्याच गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' ही शिडाची नौका बांधली होती, लाकडाच्या पट्ट्या आणि इपॉक्सीची, छप्पन्न फुटांची. नौदलातले दिलीप दोंदे तीतून ऑगस्ट २००९ मध्ये एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये प्रदक्षिणा करून परतले, असं करणारे पहिले भारतीय. तिच्या आधी दांडेकरांनी अशी शिडाची नौका बांधलेली नव्हती. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. वाईट दिवशी काढून वाचायचे.

फेब्रुवारीत छोट्या हत्तीत होडी चढवली. अडतीस किलो भरली. कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण. घाटात प्रत्येक वळणाला मी मागे बघत होते.

दिवस चतुर्थीचा निवडला. खाडीकाठी भरतीचं गणित सगळ्यांना पाठ असतं: तिथीची पाऊणपट करायची. चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. दीडला निघालं की पाणी आत चढत असतं, वाराही समुद्रावरून आत येत असतो, दोघांच्या पाठीवर बसून वर जायचं. तीननंतर पाणी परत फिरेल आणि वाऱ्याला तोंड देऊन आम्ही परत येऊ, पण पाणी आमच्या बाजूने असेल. आबांचं हेच वेळापत्रक होतं. त्यांना घड्याळ लागत नसे.

मेस्त्रीकाकांनी काठाला हात लावून पूर्ण होडीभोवती एक फेरी मारली. आतल्या गोलाईवरून अंगठा फिरवला. नारळ त्यांनीच फोडला, पाणी नाळेवर ओतलं. आई धक्क्यावर खुर्ची टाकून बसली होती, डोक्यावर पदर.

पाण्यात ढकलली तेव्हा होडी एका बाजूला कलली, मी आत पाऊल टाकलं, मधोमध बसले, आणि ती सावरली. शीड सोडलं. काही क्षण ते फडफडत राहिलं. मग मी दोरी जवळ ओढली, आणि ते एकदम गप्प झालं. टक्स होते तिथून वर, बरोबर तिथून, निळ्या कापडाला पोट आलं. आणि पायांना तो आवाज आला. तळाखालचं प्लाय सहा मिलिमीटरचं, त्याच्यापलीकडे पाणी. खाडी मला तळव्यांतून कळत होती.

परतीचा प्रवास कठीण गेला. ओहोटीचं पाणी बाहेर ओढतंय आणि वारा आत ढकलतोय, अशा वेळी खाडीत आखूड, उभ्या लाटा उठतात. कापलेलं नाक त्यांच्यावर आपटत होतं, पाणी तोंडावर येत होतं. एकदा या काठाकडे, एकदा त्या काठाकडे, असे चौदा पल्ले घ्यावे लागले. पात्याच्या खाचेतून थोडं पाणी आत येत होतं, ते मी डब्याने उपसत होते. धक्का दिसत होता पण जवळ येत नव्हता. मग मेस्त्रीकाका काठावरून ओरडले, "दोरी सैल दे! तिला चालू दे!" मी शीड हातभर सोडलं. होडीने वेग घेतला, वाऱ्याच्या तोंडाला थोडी कमी भिडली, पण गेली.

साडेपाचला धक्क्याला लागले. हात थरथरत होते. कुणी तरी दोरी घेतली, कुणी तरी चहा आणला. आईने मला काही विचारलं नाही. ती खुर्चीवरून उठली, ओलं शीड हातात घेतलं, पदराने चष्मा पुसला आणि एकेका टक्सवरून बोट फिरवत गेली. तिसऱ्या टक्सच्या टोकाशी थांबली. दोन टाके सुटले होते.

"इथे दोरा अडकला होता, तेव्हाच मला वाटलं होतं," ती म्हणाली. "मशीन कुठाय, इथल्या घरी आहे ना जुनं? रात्री उसवून परत घालू. उद्या पंचमी, उद्या पावणेचारला भरती."